कुलूप धरून ओढा

साताऱ्याच्या घरी बाबांचा कॉम्प्युटर सुरू केला की पहिल्यांदा दिसतो तो त्यांच्या नातवाचा बारशातला फोटो. डोक्याला कुंची, डोळे गच्च मिटलेले, नाक तेवढं लालबुंद. गेल्या उन्हाळ्यात मी या फोटोवर चार शॉर्टकट (क्लिक केलं की थेट साइट उघडणारी चित्रं) मांडले तेव्हा बाबांची अट एकच होती, पोराच्या तोंडावर काही यायला नको. बाळ नेमकं डाव्या हाताला, आणि विंडोज सगळं काही डावीकडूनच मांडत येतं. शेवटी राइट क्लिक करून 'ऑटो अरेंज'ची खूण काढली आणि चौघांना उजव्या काठाला, आत्याच्या साडीवर नेऊन बसवलं. आत्या म्हणजे मीच.

या उद्योगाला निमित्त झालं ते लाइट बिलाचं. कुठलीही साइट हवी असली की बाबा सर्चच्या पट्टीत 'लाइट बिल भरणे' असं वाक्यच्या वाक्य लिहीत आणि जे पहिलं येईल त्यावर क्लिक करत. पहिलं येतं ते पुष्कळदा पैसे देऊन वर आलेलं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. एकदा असंच एका भलत्या पानाने त्यांच्याकडे कार्डाचा नंबर मागितला. बाबा वाचले ते त्या पानावर 'वीज' शब्दाची वी ऱ्हस्व होती म्हणून. जन्मभर मराठी शिकवलेला माणूस, म्हणाले, "ज्यांना वीज लिहिता येत नाही ते ती पुरवणार कशी?" आणि खिडकी बंद केली. पण प्रत्येक चोर शुद्धलेखनात कच्चा असेलच असं नाही. म्हणून मी ठरवलं, यांचं हे शोधणंच बंद करायचं. नेहमीच्या चार ठिकाणांची थेट वाट समोर आखून द्यायची.

ब्राउझरात तारा दाबून किंवा कंट्रोल आणि डी दाबून पान जपून ठेवता येतं, तेही मी आधी दाखवलं होतं. नेटस्केप या जुन्या ब्राउझरवाले त्याला बुकमार्क म्हणत, मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररमध्ये त्याचं नाव ठेवलं 'फेव्हरिट्स'. (१९९९ साली आलेल्या त्याच्या पाचव्या आवृत्तीत या आवडत्यांच्या यादीसाठी प्रत्येक साइटचं चिमुकलं चित्र आलं, त्याला आजही फेव्हिकॉनच म्हणतात.) लाइट बिल हे कुणाचं फेव्हरिट असेल, हा बाबांचा प्रश्न रास्त होता. पण खरी अडचण वेगळी होती. ब्राउझर उघडा, मग पट्टी शोधा, मग यादी, ही तीन दारं त्यांना नको होती. त्यांना हवं होतं अंगणात उभं राहून हाक मारल्यासारखं.

मग डेस्कटॉपच. ब्राउझरची खिडकी थोडी लहान करायची, म्हणजे मागचा फोटो दिसतो. पत्त्याच्या डावीकडचं छोटं चित्र धरायचं आणि फोटोवर ओढून सोडायचं. झालं. पूर्वी तिथं कुलूप असायचं, त्यामुळे मी वर्षानुवर्षं फोनवरून लोकांना "कुलूप धरून ओढा" असं सांगत आले. बाबांनी ते डायरीत उतरवूनही घेतलं होतं. पण २०२३ मध्ये क्रोमने कुलूप काढलं. कुलूप दिसलं की साइट भरवशाची, असा लोकांचा समज होत होता. खरं तर ते एवढंच सांगे की मधल्या वाटेत कुणी ऐकत नाही, पलीकडे साव बसलाय की चोर हे नव्हे. आता तिथं दोन सरकत्या बटणांचं चित्र असतं. ते बाबांना मी 'शेगडीची बटणं' म्हणून सांगितलं. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "शेगडीची बटणं गोल असतात."

अशी ओढून आणलेली चारही चित्रं दिसायला एकसारखी, ब्राउझरच्याच तोंडवळ्याची. म्हणून नावाला महत्त्व आलं. साइटची नावं तर ही लांबलचक, निम्मी इंग्रजीत, शेवटी तीन टिंबं. आयकॉन निवडून एफ टू दाबायचं आणि हवं ते लिहायचं, देवनागरीतसुद्धा. हे कळल्यावर बाबा बारशाला बसल्यासारखे बसले. पहिलं नाव त्यांनी लिहिलं '७/१२', आणि विंडोजने नकार दिला. फाइलच्या नावात नऊ चिन्हं चालत नाहीत, त्यात ही तिरकी रेघ आहे. "अगं, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, मध्ये रेघ नको तर काय?" मी म्हटलं, बाबा, अक्षरी लिहा. 'सातबारा' असं लिहिलं, पण त्यांना ते अजून अर्धवट वाटतं.

उरलेली तीन 'लाइट बिल', 'पासबुक' आणि 'मोल्सवर्थ'. त्यांच्या घरच्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची शिवण कधीच उसवली आहे, प पासून पुढचा भाग वेगळा बांधून ठेवलाय. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा तोच कोश शिकागो विद्यापीठाने केव्हाचा जालावर आणून ठेवला आहे, हे कळल्यापासून ते शिकागोबद्दल आदराने बोलतात. पुढे त्यांनी वाईहून निघणारा मराठी विश्वकोशही मागून घेतला. तासाभरावरची वाई आणि साता समुद्रापलीकडचं शिकागो माझ्या साडीच्या काठावर बोटभर अंतराने बसली आहेत.

पण बाबांना खरी धास्ती होती ती आयकॉनच्या कोपऱ्यातल्या वाकड्या बाणाची. "हा बाण कशाला?" मी म्हटलं, ही खरी वस्तू नाही, तिच्याकडे नेणारी पाटी आहे, म्हणून. त्यांनी बराच वेळ विचार केला. मग हळूच विचारलं, "आणि चुकून सातबारा डिलीट झाला तर?"

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून आवरलं. भावकीत बांधावरून पंधरा वर्षं कज्जा चाललेल्या माणसाला 'सातबारा डिलीट करायचा आहे का?' असं कॉम्प्युटरने विचारणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. मी तो आयकॉन नोटपॅडवर ओढून उघडून दाखवला. आत दोन ओळी. पहिली चौकटी कंसात, हा इंटरनेट शॉर्टकट आहे एवढं सांगणारी, आणि दुसरीत नुसता पत्ता. बाबांनी चष्मा पुसून दोन्ही ओळी वाचल्या. "एवढंच? पोस्टकार्डावरसुद्धा जास्त मजकूर असतो." मग मी त्यांच्यादेखत सातबारा उडवला, रीसायकल बिनमधून परत आणला. त्या तेवढ्या वेळात ते खुर्चीतून उठून उभे होते.

नंतर एक फोन आला. पासबुक उघडत नाही, 'तुमचं सत्र संपलं आहे' म्हणतं, आणि हे शाळेचं सत्र नव्हे एवढं मला कळतं, असं बाबा म्हणाले. झालं होतं असं, की जुना आयकॉन त्यांनी स्वतःच उडवला होता (धीर चेपला होता तो असा) आणि लॉगिन करून आतल्या पानावरून नवा ओढून आणला होता. बँकेचं आतलं पान त्या भेटीपुरतंच असतं, उद्या त्या पत्त्यावर कुणी ओळख देत नाही. मी सांगितलं, "बाबा, उंबऱ्यातून ओढायचं, माजघरातून नाही." हे त्यांना इतकं पटलं की त्यांनी डायरीतलं कुलूप खोडून हे वाक्य लिहिलं. खाली तारीखही घातली.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी हे सगळं दुसऱ्यांना शिकवते आणि ऑफिसात जीमेल उघडायला रोज सर्चमध्ये 'जीमेल' असंच लिहिते. ब्राउझरच्या पट्टीवर 'नंतर वाचू' नावाचं फोल्डर आहे, त्यात काय आहे ते विचारू नका.

दिवाळीला घरी गेले. मेल बघावी म्हणून कॉम्प्युटर लावला, तर बाळाच्या फोटोवर, बरोबर नाकावर, एक नवा आयकॉन. खाली नाव 'माझं'. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं. उघडून बघितलं तर पंधरा ते आठ ठिपक्यांच्या रांगोळीचं पान, थेट तेच, इकडचं तिकडचं काही नाही.

"आई, हे तू केलंस? कुणी शिकवलं?"

"तू त्यांना चार वेळा सांगत होतीस, मी काय बहिरी आहे?" ती दारात गेरूचा हात पुसत उभी होती. "कुलूप गेलं तर गेलं, जागा तीच आहे ना."

"पण बाळाच्या नाकावर कशाला ठेवलंस गं?"

"तिथं शोधावं लागत नाही," आई म्हणाली आणि ठिपके मोजायला अंगणात गेली.