तुम्ही विचारलंत म्हणून : त्या झुडपाला खत का नाही?

ब्रिस्बेनला आमच्याकडे येणारा मराठी पाहुणा चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात जातो, कढीलिंबाचं कौतुक करतो, मिरच्या मोजतो आणि कुंपणापाशी थबकतो. मग ठरलेला प्रश्न : "अहो, याला जरा खत का घालत नाही? काय ही दशा!"

'हा' म्हणजे बॅन्क्सिया रोबर. इथले लोक स्वॉम्प बॅन्क्सिया म्हणतात. दशा वाईट दिसते, कबूल. वेडंवाकडं वाढलेलं, जेमतेम खांद्याला लागणारं झुडूप. पानं वीतभराहून लांब, चामड्यासारखी जाड, कडेला करवतीचे दाते. त्यात गेल्या वर्षीची करडी, केसाळ कणसं अजून फांदीवरच.

खत घालून पाहिलंय मी. पहिलं झाड त्यातच गेलं. मिरच्यांना घालायच्या कोंबडीखताच्या गोळ्या उरल्या होत्या, त्यातल्या दोन मुठी बुंध्याशी टाकल्या. हात आखडता घ्यायची आपल्याला सवय नाही. पानं पिवळी पडली, मग कडेनं काळी. मला वाटलं भूक लागलीय, म्हणून आणखी एक मूठ!

हे झुडूप मूळचं ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याचं, कुकटाउनपासून खाली वोलाँगाँगच्या आसपासपर्यंतचं. पाणथळ जागा, वाळू, काळपट कुजकट माती. आमच्याजवळ ब्रायबी बेटावर अशी खुरट्या झुडपांची रानं आहेत, त्यांना वॉलम म्हणतात. हा शब्द इथल्या मूळ रहिवाशांच्या काबी भाषेतला, याच्याच एका चुलत भावाच्या, दुसऱ्या बॅन्क्सियाच्या नावावरून आलेला. या वाळूत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, जवळजवळ नाहीच. म्हणून बॅन्क्सियाची मुळं मातीच्या वरच्या थरात बारीक तंतूंचे दाट झुबके करतात, आम्ल सोडतात आणि मातीला घट्ट चिकटलेला स्फुरद कणाकणानं सोडवून घेतात. समोर आयतं ताट आलं तरी 'पुरे' म्हणणं त्यांना जमत नाही. ओढतच राहतात, आणि तेच विष होतं. आपलं नत्र-स्फुरद-पालाशचं पाठांतर इथे कामाचं नाही.

फुलायला लागलं की मात्र पाहुणे गप्प होतात. कळ्यांचं कणीस निळसर हिरवं, धातूची झाक असलेलं. मोराच्या मानेवर ऊन पडावं तसं. हात लावल्याशिवाय कुणाला राहवत नाही. शेकडो फुलं दाटीनं बसलेली असतात, ती उमलली की कणीस पिवळट होतं आणि सकाळी मध खाणारे पक्षी भांडत येतात. मग तपकिरी, मग करडं. ती करडी कणसं मी काढत नाही, मला आवडतात. (यावर घरात मतभेद आहेत.) नवी पालवी तांबूस मखमलीची येते, तीही बघा.

सध्या मावशी आली आहे पुण्याहून. तिला हे सगळं सांगून झालं, तिनं मान डोलावली. काल सकाळी बघतो तर तांदूळ धुतलेलं पाणी घेऊन कुंपणाकडे निघालेली.

"अगं मावशी!"

"खत कुठंय हे? पाणीच तर आहे."

पातेलं कढीलिंबाकडे वळवलं.