मॅडोना की नव्या जणी: तक्त्यात टूरचं पान पुरं, सिंगल्सचं अर्धं

मॅडोनाला नव्या गायिकांनी खरंच मागे टाकलं का, हे आकड्यांत तपासायला आम्ही एक तक्ता भरतोय: टूर, सिंगल्स (सुटी प्रसिद्ध होणारी गाणी) आणि अल्बम अशी त्याची पानं. टूरचं पान या खेपेला पुरं भरलं, म्हणून आधी तेच. पायाला मॅडोनाची स्टिकी अँड स्वीट टूर घेतली आहे: 2008-09, 85 शो, 40.8 कोटी डॉलर, सुमारे 35 लाख प्रेक्षक. समोर टेलर स्विफ्टची इराज टूर: मार्च 2023 ते डिसेंबर 2024, 149 शो, 207.7 कोटी डॉलर, 1 कोटी 1 लाख 68 हजार प्रेक्षक. मूळ आकडे मिलियनमध्ये येतात आणि कोटीत उतरवताना एखादं शून्य हमखास सांडतं. 408 मिलियन म्हणजे 40.8 कोटी. अख्खी शीट एकाच एककात ठेवा.

थेट भागाकार केला की पाचपट दिसतं आणि वाद तिथेच संपवायचा मोह होतो. तसं करू नका. आधी महागाई काढा. अमेरिकी ग्राहक किंमत निर्देशांकाची वार्षिक सरासरी 2009 ला 214.5 होती, 2024 ला 313.7. रक्कम गुणिले 313.7 भागिले 214.5 केलं की मॅडोनाचे 40.8 कोटी सुमारे 59.7 कोटी होतात. टूर दोन वर्षांत पसरली असली तरी इथे अडत नाही, कारण मंदीमुळे 2008 आणि 2009 चे निर्देशांक जवळपास सारखेच आहेत. इराजचे 2023 मधले शो न बदलता ठेवले, तर चूक तीन टक्क्यांच्या आत राहते.

आता शोंच्या संख्येने भागा. मॅडोना 70 लाख डॉलर प्रति शो, टेलर 1 कोटी 39 लाख. म्हणजे पाचपट नाही, दुप्पट. ही दुप्पट आली कुठून तेही फोडून बघा: प्रति शो प्रेक्षक 41 हजारांवरून 68 हजारांवर गेले, सरासरी तिकीट आजच्या भावात 170 डॉलरवरून 204 वर. पहिला गुणक 1.66, दुसरा 1.2. तिकिटं महागली म्हणून आकडा फुगला, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे दोन गुणक शेजारी ठेवावेत. मोठा वाटा भरलेल्या स्टेडियमचा आहे.

महाग तिकिटाचा खरा नमुना बियॉन्सेच्या ओळीत सापडतो. 2025 ची काउबॉय कार्टर टूर: 40.76 कोटी डॉलर. मॅडोनाच्या आकड्याला जवळजवळ चिकटून, पण 85 नव्हे तर अवघ्या 32 शोंमध्ये. प्रेक्षक सुमारे 16 लाख, म्हणजे तिकीट सरासरी 255 डॉलर. नुसता एकूण रकमेचा रकाना ठेवला तर या दोन टूर जुळ्या वाटतात, म्हणून शो आणि प्रेक्षक हे दोन रकाने सक्तीचे.

रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावरचे कार्यक्रम या पानावर घेऊ नका. मे 2024 मध्ये मॅडोना 16 लाख, मे 2025 मध्ये लेडी गागा 21 लाख, असे शहर प्रशासनाचे अंदाज आहेत. दोन्ही फुकट, तिकीट नाही, त्यामुळे मोजणीला आधार नाही. वेगळ्या रंगात ठेवले आहेत.

सिंगल्सचं पान मात्र छळतंय. हॉट 100, म्हणजे बिलबोर्डचा अमेरिकेतल्या गाण्यांचा साप्ताहिक चार्ट, त्यात मॅडोनाची 38 गाणी पहिल्या दहात गेली. टेलरने हा आकडा 5 नोव्हेंबर 2022 च्या चार्टवर एका झटक्यात ओलांडला, कारण पहिल्या दहाच्या दहा जागा एकाच अल्बमच्या गाण्यांनी घेतल्या. स्ट्रीमिंगमुळे अल्बममधलं प्रत्येक गाणं चार्टला पात्र ठरतं. डिसेंबर 1998 पर्यंत नियम उलटा होता: दुकानात सिंगल विकायला नसेल तर गाणं चार्टवरच नाही. 'इन्टू द ग्रूव्ह' ब्रिटनमध्ये 1985 ला पहिल्या क्रमांकावर गेलं, पण अमेरिकेत ते 'एंजल'च्या बारा इंची तबकडीची दुसरी बाजू होतं. हॉट 100 मध्ये त्याची नोंदच नाही. तेव्हा 38 विरुद्ध टेलरचा आकडा ही तुलना लंगडी आहे.

पहिल्या क्रमांकांचा रकाना त्यातल्या त्यात धड. मॅडोना 12. रिहाना 2016 मध्येच 14 वर पोचली, तेही असा अल्बमचा लोंढा न सोडता, एकेक गाणं चढवत. आमच्या मते सिंगल्समध्ये मॅडोनाला मागे टाकल्याचा सर्वांत भक्कम दावा रिहानाचा, टेलरचा नव्हे. उलट बाजूला मॅडोनाची 'लकी स्टार'पासून 'चेरिश'पर्यंतची सलग 16 सिंगल्स पहिल्या पाचात, आणि मग 'ओ फादर' 20 वर अडकलं. एकेक सिंगल बाजारात यायचं तेव्हाची ही मालिका आजच्या पद्धतीत मोजायची कशी, ते अजून ठरलेलं नाही.

बिलबोर्डच्या डान्स क्लब चार्टवरचे (क्लबात वाजणाऱ्या गाण्यांची यादी) मॅडोनाचे 50 पहिले क्रमांक अनेक जण हुकमी पत्ता म्हणून टाकतात. तो चार्ट 2020 मध्ये थांबला. मैदानच बंद असेल तर विक्रम अबाधित आहे म्हणण्यात अर्थ नाही. आम्ही 'गोठलेला' असा शेरा मारून सोडून दिलं.

अल्बमचं पान अजून उघडलेलं नाही. बिलबोर्डच्या 2018 च्या नियमाने 1,250 सशुल्क किंवा 3,750 फुकट स्ट्रीम म्हणजे एक अल्बम धरला जायचा, जानेवारी 2026 मध्ये तो नियमही बदलला, आणि जुन्या अल्बमचं विक्रीचं (गोल्ड, प्लॅटिनम) प्रमाणपत्र कंपनीने अर्ज केल्याशिवाय वाढत नाही. हे दोन्ही लक्षात न घेता आकडे शेजारी मांडू नयेत.

पुढचं काम सिंगल्सचंच: 'पहिल्या दहातले आठवडे' हा नवा रकाना, आणि चार आठवड्यांखालची गाणी गाळणारी चाळणी. भरताना गाण्याच्या प्रकाशनाची नव्हे, चार्टवर छापलेली तारीख घ्या. नाहीतर 21 ऑक्टोबर 2022 ला आलेला टेलरचा तोच अल्बम 5 नोव्हेंबरच्या ओळीत जुळत नाही आणि आठवडे सरकतात. नोव्हेंबर 1991 ला जाड रेघ मारा. दुकानदारांच्या तोंडी याद्या जाऊन बारकोडची मोजणी तिथून सुरू झाली.