शिरोरेखा

रंगपंचमीच्या दिवशी इंदूरच्या कुठल्याही रुग्णालयात काय येणार, हे आम्हा सिस्टर लोकांना आधीच ठाऊक असते. कुणाच्या डोळ्यांत रंग गेलेला असतो, कुणी ओल्या रस्त्यावर घसरून हात मोडून घेतलेला असतो. गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मोठी मिरवणूक, निघते म्हणून राजवाड्याच्या चारही बाजूंचे रस्ते वाहनांना बंद असतात, शहराला सुट्टी असते आणि आमच्याकडे माणसे निम्मी असतात. त्या दिवशीही पोटविकाराच्या वॉर्डातून मला तात्काळ सेवेच्या विभागात मदतीला पाठवले होते, आणि साडेदहाच्या सुमारास काका काकूंना घेऊन तिथे आले.

दोघांना मी दीड वर्षापासून ओळखत होते, कारण काकूंची ही सहावी भरती होती. रामबागेतल्या घरापासून रिक्षा मिळेपर्यंतचे अंतर ते गर्दीच्या कडेकडेने चालत आले होते. काका डोक्यापासून चपलेपर्यंत हिरव्या-गुलाबी पाण्याने भिजलेले होते, पण काकूंवर त्यांनी घरातले प्लॅस्टिकचे कापड असे पांघरले होते की त्यांच्या लुगड्याच्या काठावरही थेंब नव्हता. शर्टाच्या आत, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेली एक शंभर पानी वही होती. तीही कोरडी होती.

काकूंचा आजार यकृताचा, सिरोसिसचा. १९८७ साली बाळंतपणात फार रक्त गेले म्हणून त्यांना रक्त चढवावे लागले होते, आणि हिपॅटायटिस सी या विषाणूची ओळख जगाला पटली ती १९८९ मध्ये. त्यामुळे ते रक्त तपासून देण्याची सोय तेव्हा कुणाकडेच नव्हती. पुढे पंचवीस-तीस वर्षे काही त्रास झाला नाही. २०१५ नंतर आपल्याकडे परवडणाऱ्या गोळ्या आल्या, त्या घेऊन विषाणू गेलासुद्धा, पण तोपर्यंत यकृत निबर होऊन बसले होते. पोटात पाणी साठे, ते काढावे लागे; एकदा अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी झाली, तेव्हा दुर्बिणीतून त्या बांधाव्या लागल्या; आणि दोनदा, यकृताला न निस्तरलेला अमोनिया रक्तातून मेंदूपर्यंत जाऊन त्या पार बेशुद्ध झाल्या होत्या.

त्या सकाळी मात्र काकू खुर्चीत नीट बसल्या होत्या. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी नाव विचारले, ते त्यांनी सांगितले. आज काय आहे विचारले, तर म्हणाल्या, "रंगपंचमी." रक्तदाब ठीक होता, ताप नव्हता. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली की रात्रीची झोप झालेली नाही, त्यामुळे थकवा आहे. औषधे चालू ठेवा आणि उद्या बाह्यरुग्ण विभागात दाखवा. बाहेर चार जण डोळे चोळत उभे होते, आणि खरे सांगायचे तर मलाही त्या क्षणी ते योग्यच वाटले.

काका वाद घालणाऱ्यांतले नव्हेत. १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडेपर्यंत ते तिथे हजेरी लिहिण्याच्या कामावर होते आणि नंतर कापड मार्केटात एका पेढीवर खतावणी लिहीत. त्यांनी फक्त वही पिशवीतून काढली आणि माझ्यापुढे धरून म्हणाले, "ताई, डॉक्टरसाहेबांना घाई असेल. तुम्ही एवढी चार पानं बघता का?"

वही घरखर्चाची होती. रोज रात्री जेवणानंतर काकू तीत एकच ओळ लिहीत: तारीख, दूध, भाजी, आणि खाली सही. अक्षर काकूंचे होते, शाळेत मन लावून गिरवलेले, गोल आणि ठसठशीत. पाच दिवसांपूर्वीच्या पानावर ते तसेच होते. त्याच्या पुढच्या पानावर ओळ उजवीकडे खाली उतरत गेली होती. तिसऱ्या पानावर शिरोरेखा अक्षरांना सोडून चालली होती. ती वर कुठेतरी एकटीच ओढलेली आणि अक्षरे खाली लोंबकळत राहिलेली. आदल्या रात्रीच्या पानावर "दू दू दू" असे तीनदा लिहिलेले होते, "ध" आलाच नव्हता, आणि सहीच्या जागी पेन टेकवून ठेवल्याचा एक निळा डाग होता.

मी वीस-बावीस वर्षे या रोगाचे रुग्ण पाहते आहे. अमोनिया चढू लागला की माणूस नाव-गाव बिनचूक सांगत असतानाही हाताचे अक्षर बिघडते, दिवसा झोप आणि रात्री जाग असा उलटा क्रम सुरू होतो, हे मी शिकाऊ मुलींना शिकवतेसुद्धा. आणि तेच माझ्यासमोर चार पानांत लिहून आलेले होते. मी काकूंना म्हटले, "गाडी थांबवताना पोलीस हात धरतो ना, तसे दोन्ही पंजे पुढे धरा आणि बोटे फाकवा." चार-पाच सेकंद पंजे स्थिर राहिले आणि मग मनगटातून एकदम खाली पडले, पुन्हा वर आले, पुन्हा पडले, एखाद्या दमलेल्या पाखराच्या पंखांसारखे. शंभरातून सात वजा करायला सांगितले, तर काकू माझ्याकडे बघून गोड हसल्या आणि म्हणाल्या, "रंगपंचमी."

डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी स्वतःच फाडली, याबद्दल त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. पोटातल्या पाण्याचा नमुना घेतला. त्यात एका घन मिलिमीटरला २५० च्या वर विशिष्ट पांढऱ्या पेशी आढळल्या की पाण्याला संसर्ग झाला असे धरतात. काकूंचा आकडा त्याच्या कितीतरी पुढे होता. शिरेतून प्रतिजैविक सुरू झाले, अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन सुरू झाले, शौचावाटे अमोनिया बाहेर काढणाऱ्या लॅक्टुलोज या औषधाची मात्रा वाढवली. दुपारी चारच्या सुमारास त्या हाकेला ओ देईनाशा झाल्या. घरी गेल्या असत्या तर ही वेळ रामबागेत आली असती, आणि बाहेर तेव्हा पाण्याचे टँकर रस्ता अडवून उभे होते.

संध्याकाळी काका बाकावर बसून होते. रंग अंगावरच वाळला होता. मी चहा नेला, तर तो हातात धरून ते म्हणाले, "रात्री झोपत नव्हती म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी झोपेची गोळी दिली. दोन रात्री मीच दिली, ताई. माझ्या हातानं." यकृताच्या अशा रुग्णाला झोपेची गोळी म्हणजे आधीच धूसर झालेल्या मेंदूवर आणखी एक पडदा, ती लिहून देणाऱ्याने एकदा तरी जुनी फाइल मागायला हवी होती, आणि याचा राग मला आजही येतो. पण काकांना मी तेवढेच सांगितले जे खरे होते: मूळ संसर्ग होता, गोळीने त्यात भर पडली, आणि उलटी झोप हे त्यांनी बरोबर ओळखलेले लक्षण होते, फक्त ते सांगायला ते चुकीच्या दारी गेले. ते काही बोलले नाहीत. मी त्यांचा रक्तदाब मोजला, तो १७० च्या वर होता. त्यांची स्वतःची गोळी तीन दिवसांपासून घरीच राहिली होती.

या दीड वर्षात त्यांनी जे केले ते कुठल्याही केसपेपरवर नाही. पोह्यांवर शेव घालणे इंदूरच्या घरात कुणी सोडत नाही. मीठ कमी हवे म्हणून काकांनी शेवेचा डबाच घरातून काढून टाकला आणि स्वतःही खाणे सोडले. आधीच्या एका ठिकाणी डाळ-दूध बंद करायला सांगितले होते, त्याने काकूंच्या दंडांचे मांस झडले. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी समजावले की वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीतच, स्नायूसुद्धा अमोनिया निस्तरतात. तेव्हापासून काका रात्री दहाला त्यांना उठवून मुगाची खिचडी भरवत, कारण रात्रभराचा उपास अशा यकृताला झेपत नाही. दिवसातून दोन-तीनदा मऊ शौच झाली की नाही, हेही त्याच वहीच्या मागच्या पानांवर टिंबांनी नोंदलेले होते.

खर्चाची वही ही त्यांचीच युक्ती होती. "रोज सही करून दाखव म्हटलं तर तिला परीक्षा वाटेल," ते मला म्हणाले. "दुधाचा हिशेब म्हटलं की घरातलं काम होतं."

तिसऱ्या दिवशी काकू शुद्धीवर आल्या. आठव्या रात्री औषध द्यायला गेले, तेव्हा काका बाहेर पेंगत होते. काकूंनी मला जवळ बोलावले आणि हळूच म्हणाल्या, "सिस्टर, त्या वहीचं मला पहिल्यापासून माहीत आहे हो. हे झोपायच्या आधी दिव्याखाली धरून बघतात. म्हणून मी फार जपून लिहिते, शिरोरेखा सगळ्यांत शेवटी, सावकाश. नीट आलं की यांना झोप लागते."

मी औषधाचा पेला हातात धरून उभी राहिले. त्या तीन "दू" सगळे बळ एकवटून लिहिलेल्या होत्या, हे मला तेव्हा कळले. "काकांना सांगू का?" मी विचारले. त्यांनी मान हलवली, "नको."

मी ते काकांना सांगितले नाही. डॉक्टरांना मात्र सांगितले, आणि काकूंच्या फाइलच्या पहिल्याच पानावर त्यांनी लाल शाईने लिहिले की यजमानांनी वही दाखवली तर रुग्ण कितीही बरी दिसली तरी आधी भरती करावी. त्यानंतर काकू चार वेळा आल्या. दोनदा केवळ पोटातले पाणी काढायला, आणि दोनदा वहीतली ओळ खाली उतरू लागली म्हणून, पहिल्याच दिवशी, स्वतःच्या पायांनी चालत. आता तिसरी वही चालू आहे.