राउंडमधला तो प्रश्न

आज राउंडला सरांनी एका इंटर्नला पेशंटच्या रक्तातलं पोटॅशियम किती ते विचारलं. तिला आठवेना. "एवढंही जमत नसेल तर डॉक्टर कशाला व्हायचं?" सर हे बोलले पेशंट, नातेवाईक, सिस्टर, सगळ्यांसमोर. तिचे कान लाल झाले, फाइल छातीशी घट्ट धरून ती उभी राहिली. नंतर राउंड संपेपर्यंत अवाक्षर नाही. पुढच्या बेडच्या ड्रिपचा वेग तिला खटकला होता, हे तिने मला जिन्यात सांगितलं. तेव्हाच का नाही बोललीस? "पुन्हा चुकलं असतं तर?"

मला याचीच धास्ती वाटते. 'माझं चुकलं' असं वाटणारा माणूस चूक सांगतो, निस्तरतो. 'मीच नालायक' असं वाटायला लागलं की तो ती लपवतो. मानसशास्त्रज्ञ हेलन ब्लॉक लुईस यांनी हा फरक १९७१ मध्येच मांडला होता. तरी 'आम्हीही असेच घडलो' हे पालुपद चालूच आहे. किती जण त्यातून मोडले, ते कुणी मोजत नाही.

ड्रिप आम्ही लगेच तपासून घेतली. उद्या सरांना एकट्यात भेटणार आहे. प्रश्न कितीही कडक विचारा, पण पेशंटच्या बेडपासून दूर, एवढंच मागणार आहे.