एकाच रांगेत बसणारे चिंचोके

आज सहावीच्या वर्गात विभाजक शिकवायला पुस्तक उघडलंच नाही. पोरांनी घरून चिंचोके आणले होते, व्हरांड्यात बसवून सांगितलं, सारख्या रांगा लावा. २४ चिंचोक्यांच्या २, ३, ४ अशा कितीतरी रांगा झाल्या. मग २३ दिले. मागच्या बाकावरची, एरवी गप्प बसणारी पोरगी म्हणाली, "सर, हे तं एकाच रांगेत बसते, नाही तं उरूनच रायले." मूळ संख्येची याहून चांगली व्याख्या मला तरी देता आली नसती!

९१ वर मात्र सगळा वर्ग अडला. २, ३, ५ ने भाग जात नाही, म्हणून सगळ्यांनी मूळ ठरवून टाकली. ७ च्या रांगा करायला लावल्या आणि १३ रांगा पूर्ण भरल्या. पोरांचे चेहरे बघण्यासारखे होते.

मग ९७. इथं २, ३, ५ आणि ७, एवढंच तपासायचं. ११ पासून पुढे कशाला नाही? कारण ११ × ११ = १२१, म्हणजे ९७ च्या पुढे. मोठा विभाजक असलाच तर त्याचा जोडीदार ११ पेक्षा लहान असणार, आणि ते सगळे आपण तपासलेत (४, ६, ८, ९, १० हे २, ३, ५ मध्येच आले). हे "का" पोरांना कळायलाच पाहिजे, नुसती १०० पर्यंतच्या २५ मूळ संख्यांची यादी पाठ करून भागत नाही. यावर मी अर्धा तास घालवला आणि आनंदानं घालवला.

सुटीची घंटा झाल्यावर एकानं विचारलं, "सर, १ मूळ हाय का?" मूळ संख्येला १ आणि ती स्वतः असे बरोबर दोन विभाजक लागतात; १ ला विभाजक एकच, म्हणून नाही. उद्याची सुरुवात इथूनच करणार आहे.