दुधाशी तह

पोटाच्या तक्रारीचे कारण शोधताना मी जवळजवळ चार वर्षे भलत्यांवरच संशय घेत राहिलो. कधी तिखटाला दोष दिला, कधी जागरणाला, कधी कामाच्या ताणाला. दुधाचे नाव मात्र माझ्या मनात एकदाही आले नाही, कारण लहान मुलांना आणि आजाऱ्यांना जे निर्धास्तपणे देतात त्याच्यावर संशय कसा घ्यायचा? उलट, पोट बिघडले की काहीतरी हलके घ्यावे म्हणून मी रात्री पेलाभर कोमट दूधच पीत असे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या होत्या आणि चोरी कशी होते याचा तपास मी सगळीकडे करत होतो.

दूध प्यायल्यावर तास-दीड तासाने पोटात गुरगुर सुरू होई, मग पोट नगाऱ्यासारखे फुगे आणि पुढचे सांगण्याची गरज नाही. भर बैठकीत सगळे गप्प झाले की ती गुरगुर शेजारच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाई आणि मी हातातले कागद उगाचच मोठ्याने चाळू लागे.

अखेर डॉक्टरांनी श्वासाची चाचणी करून घ्यायला सांगितले. पोट दुखते म्हणून श्वास तपासायचा, हे मला आधी विनोदीच वाटले. उपाशीपोटी 25 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पाण्यात विरघळवून प्यायची आणि मग दर अर्ध्या तासाने एका नळीत फुंकर मारायची. आपल्या पेशी हायड्रोजन तयार करत नाहीत; तो तयार करतात मोठ्या आतड्यातले जिवाणू, न पचलेली साखर त्यांच्या तावडीत सापडली की. तो रक्तात मिसळून फुफ्फुसांवाटे बाहेर पडतो. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा दशलक्षात 20 भागांची वाढ झाली की निदान पक्के मानतात. माझी पहिली फुंकर 4 वर होती. दीड तासानंतर यंत्रावर 61 उमटले तेव्हा ते हाताळणारी मुलगी म्हणाली, “काका, आता पुन्हा फुंकायची गरज नाही.” तोवर माझ्या पोटानेही आपला स्वतंत्र अहवाल दिलेला होता.

लॅक्टोज हा ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांचा जोड असतो. तो तोडणारे लॅक्टेज नावाचे विकर लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर असते. ते अपुरे पडले की साखर अखंडच पुढे सरकते, पाणी ओढून घेते आणि जिवाणूंची चंगळ होते. मला धीर आला तो पुढच्या माहितीने. दूध सुटल्यावर हे विकर हळूहळू कमी होत जाणे हाच सस्तन प्राण्यांचा मूळ धर्म आहे आणि जगातल्या बहुसंख्य प्रौढांची हीच गत आहे. आल्प्समधल्या बर्फात 1991 साली सापडलेल्या, सुमारे 5300 वर्षांपूर्वीच्या माणसाची जनुके तपासली, तेव्हा त्यालाही प्रौढपणी दूध पचवण्याची देणगी नव्हती असे दिसले. म्हणजे दूध पचवणारेच अपवाद, आणि ‘लॅक्टोज असहिष्णुता’ हा ठपका मात्र आमच्या माथी! शब्द ठरवणाऱ्यांना दूध पचत असावे, असा माझा कयास आहे.

पहिल्या धक्क्यात मी दुधाचे सगळेच पदार्थ वर्ज्य केले. तो निव्वळ आततायीपणा होता. ही ॲलर्जी नव्हे; ॲलर्जीत दुधातल्या प्रथिनांशी शरीराचे वैर असते आणि तिथे थेंबभरही घातक ठरू शकतो. इथे सगळा प्रश्न मापाचा आहे. गाईच्या दुधाच्या 250 मिलिलिटरच्या पेल्यात साधारण 12 ग्रॅम लॅक्टोज असते आणि माझ्यासारख्या अनेकांना जेवणासोबत तेवढेही निभावते. चहात पडते ते जेमतेम दीड ग्रॅम. दह्यातले जिवाणू लॅक्टोज फोडणारे विकर स्वतःच घेऊन येतात, त्यामुळे दही मला सुखाने पचते. जुन्या, मुरलेल्या चीजमध्ये तर लॅक्टोज नावालाच उरते. बरेचसे निवळीबरोबर निघून गेलेले असते आणि उरलेले जिवाणूंनी फस्त केलेले असते.

लॅक्टोजविरहित दुधाचा पहिला घोट घेतला तेव्हा ते इतके गोड लागले की मी खोक्यावरचा बारीक मजकूर दोनदा वाचला. साखर घातलेली नव्हती. आधीच सुटी झालेली ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज ही जोडगोळी जिभेला मूळ लॅक्टोजहून गोड लागते, एवढेच. विकराच्या गोळ्याही मिळतात, पण त्या पहिल्या घासाबरोबर घ्याव्या लागतात, आणि माझी गोळी नेमकी दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात असते.

रात्रीचे दूध मी सोडले नाही, फक्त ते जेवणाला लागून घेतो. पेला तोच जुना आहे. पडून पडून त्याला मध्यावर एक पोचा आला आहे. एकदा मोजून पाहिले तर तिथपर्यंत 120 मिलिलिटर दूध मावते, म्हणजे सुमारे 6 ग्रॅम. आता मापाचे भांडे लागत नाही, पोच्याला दूध टेकले की मी पातेले खाली ठेवतो.