सबसिडी म्हटलं की सोलिंड्राच का आठवते

परवा रात्री एका जुन्या मित्राशी चॅटवर वाद झाला. विषय नेहमीचाच, सरकारने सोलर आणि विंडला पैसे का द्यावेत, आणि मी दोन ओळी टाईप करेपर्यंत त्याचा एका शब्दाचा मेसेज आला, "सोलिंड्रा." बास. पुढे काही नाही. जणू हुकुमाचं पान टाकलं. मला उत्तर सुचलं नाही कारण खरं सांगायचं तर मला तेव्हा त्या प्रकरणाचं नाव आणि "घोटाळा" एवढंच माहीत होतं, मग त्या रात्री आणि पुढच्या दोन रात्री मी तेच वाचत बसलो आणि आता डोक्यात इतकं साचलंय की कुठेतरी ओतायलाच हवं.

तर सोलिंड्रा म्हणजे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटची कंपनी. आपण बघतो तसे सपाट पॅनल ते बनवत नव्हते, काचेच्या लांब नळ्या बनवायचे, ट्यूबलाइटसारख्या, आतून तांबं, इंडियम, गॅलियम, सेलेनियम यांचा पातळ थर. सगळी गंमत अशी की यात सिलिकॉन लागत नाही. २००८ मध्ये सोलरला लागणारं शुद्ध सिलिकॉन किलोला ४०० डॉलरच्या वर गेलं होतं, त्यामुळे सिलिकॉनशिवाय पॅनल बनवणारी कंपनी म्हणजे लॉटरीच वाटत होती, आणि ती फक्त सरकारला नाही तर खासगी गुंतवणूकदारांनाही वाटत होती, त्यांनी तिच्यात जवळपास १०० कोटी डॉलर घातले हे सहसा कोणी सांगत नाही. सप्टेंबर २००९ मध्ये सरकारची ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाची हमी मिळाली, म्हणजे कंपनीने नाही फेडलं तर सरकार भरणार. मे २०१० मध्ये ओबामा स्वतः कारखान्यात गेले, भाषण झालं, फोटो झाले. आणि मग सिलिकॉनचा भाव कोसळला, चीनमधून स्वस्त सपाट पॅनलचा लोंढा आला, आणि ज्या महाग कच्च्या मालाला टाळायला हा सगळा खटाटोप केला होता तोच स्वस्त झाला! ऑगस्ट २०११ च्या शेवटच्या दिवशी ११०० लोक घरी, सप्टेंबरमध्ये दिवाळखोरीचा अर्ज आणि त्यानंतर दोनच दिवसांत एफबीआयची धाड.

आता यात काळंबेरं होतं का? होतं की. डेडलाइन अशी की उपाध्यक्षांच्या कार्यक्रमाची तारीख ठरलेली, त्याआधी मंजुरीचं काय झालं म्हणून व्हाइट हाऊसमधून विचारणा होत होती, ते ईमेल नंतर बाहेर आले. कंपनीतला एक मोठा गुंतवणूकदार ओबामांसाठी निवडणूक निधी गोळा करणारा. २०११ च्या सुरुवातीला कंपनी बुडायला लागली तेव्हा साडेसात कोटी डॉलर नवीन घालणाऱ्या खासगी लोकांना वसुलीत सरकारच्या आधी नंबर दिला गेला, म्हणजे बुडाल्यावर आधी त्यांचे वसूल होणार, मग करदात्यांचे. हे मला अजूनही पचलेलं नाही. आणि २०१५ मध्ये ऊर्जा खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलचा, म्हणजे खात्यातल्याच तपास अधिकाऱ्याचा, अहवाल आला त्यात म्हटलं की कंपनीनेच सरकारला चुकीची आणि दिशाभूल करणारी माहिती दिली होती. खटला मात्र कोणावर झाला नाही.

पण गंमत बघा, ही हमी द्यायची योजना मुळात आली २००५ च्या कायद्यातून, म्हणजे बुशच्या काळात, आणि सोलिंड्राची फाइल तेव्हाच टेबलावर आली होती. जानेवारी २००९ मध्ये बुशच्या काळातल्या समितीने "अजून तयारी नाही" म्हणून ती परत पाठवली. ओबामा सरकारने पुढे रेटली. म्हणजे दोघांचाही हात आहे, पण फोटो एकाचाच आहे. माझ्या मते सगळा मामला या फोटोपाशी येऊन थांबतो.

कारण त्याच सुमाराला ऊर्जा खात्याने दुसऱ्या एका योजनेतून एका नव्या गाडीवाल्या कंपनीला कर्ज दिलं होतं, ४६.५ कोटी डॉलर, जानेवारी २०१० मध्ये. टेस्ला. २०१२ च्या निवडणुकीच्या डिबेटमध्ये ओबामांच्या विरोधातले उमेदवार रॉम्नी यांनी सोलिंड्रा, फिस्कर (तीही इलेक्ट्रिक गाड्यांची कंपनी) आणि टेस्ला एका दमात फेल कंपन्या म्हणून मोजल्या होत्या. टेस्लाने मे २०१३ मध्ये सगळं कर्ज फेडलं, मुदतीच्या नऊ वर्षं आधी. (फिस्कर मात्र खरंच बुडाली, सरकारचे १३.९ कोटी गेले.)

इथे एक बारकी गोष्ट सापडली आणि मला तीच सगळ्यात जास्त खुपली. टेस्लाच्या करारात सरकारला साधारण ३१ लाख शेअर साडेसात डॉलरच्या भावाने घ्यायचा हक्क होता, पण तो २०१८ च्या शेवटापासून वापरता येणार आणि कर्ज आधी फेडलं तर रद्द. हेतू हा की कंपनीने लवकर फेडावं, आणि तसं झालंही, त्यामुळे सरकार फसलं असं नाही म्हणता येणार. पण फेडलं त्या दिवसांत शेअर नव्वदीच्या आसपास होता. साडेसात आणि नव्वद यातला फरक गुणिले ३१ लाख करा, साधारण २५ कोटी डॉलर होतात, सोलिंड्रात बुडाले त्याच्या जवळजवळ निम्मे. आणि २०१८ च्या शेवटी भाव ३०० च्या वर होता तो हिशोब तर मी करतच नाही, उगाच झोप जाते. म्हणजे बुडालं की सरकारचं पूर्ण बुडतं आणि चाललं की सरकारला नुसतं व्याज. कुठलाही व्हेंचर कॅपिटलवाला, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे लावणारा, असा सौदा करणार नाही, दहात सात बुडणार हे त्याला माहीत असतं, तो उरलेल्या तिनातून काढतो. सरकारला दहाच्या दहा चालवून दाखवायचे असतात, नाहीतर टीव्हीवर विरोधकांची जाहिरात.

२०१४ मध्ये ऊर्जा खात्याने या सगळ्या कर्जांचे आकडे दिले होते, तोवरचं नुकसान ७८ कोटी डॉलर, आलेलं व्याज ८१ कोटी. समर्थक हे आकडे झेंड्यासारखे नाचवतात. पण सरकारला स्वतःला ते पैसे उसने घ्यायला व्याज पडतं ते यात धरलेलं नाही, त्यामुळे "सरकारने नफा कमावला" हे काही खरं नाही. "देशोधडीला लागलं" हेही नाही.

बरं, खरोखर गाढवपणाची योजना बघायची असेल ना तर सोलिंड्रा सोडा, उत्तर आयर्लंड बघा. २०१२ मध्ये तिथे स्कीम आली, लाकडाच्या पेलेटवर (भुश्याच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर) चालणारा बॉयलर लावा, जेवढी उष्णता तयार कराल तेवढे पैसे मिळतील. ब्रिटनच्या स्कीममध्ये ठराविक वापरानंतर दर खाली यायचा, इथे ती ओळ घातलीच नाही. इंधनाला १ पौंड खर्च करा, १ पौंड ६० पेन्स घ्या! मग काय, जितकं जाळाल तितकं कमवाल. लोक त्याला "कॅश फॉर ॲश", म्हणजे राखेचे पैसे, म्हणायला लागले. संभाव्य जादा खर्च ४९ कोटी पौंडांपर्यंत सांगितला गेला, स्कीम सुरू करणाऱ्या मंत्री तोवर फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख, झाल्या होत्या, जानेवारी २०१७ मध्ये उपप्रमुख मार्टिन मॅकगिनेस यांनी याच्याच निषेधार्थ राजीनामा दिला आणि ते सरकारच तीन वर्षं बंद पडलं. बॉयलरमुळे! २०२० च्या चौकशी अहवालाचा निष्कर्ष काय, तर मूळ कारण भ्रष्टाचार नव्हता, कामातला ढिसाळपणा होता. मला हे भ्रष्टाचारापेक्षा भीतीदायक वाटतं, चोराला निदान पकडता तरी येतं.

आणि जर्मनी. त्यांनी २००० च्या कायद्यात सोलरवाल्यांना २० वर्षं ठरलेला भाव द्यायची हमी दिली आणि पैसा बजेटमधून न काढता प्रत्येकाच्या वीजबिलावर वेगळा आकार लावून काढला. २०१७ मध्ये तो युनिटला ६.८८ सेंटवर गेला. भरपूर वीज खाणाऱ्या कारखान्यांना त्यात मोठी सूट, म्हणजे बोजा घरगुती बिलांवर, आणि बिलावर तो आकडा छापलेला, दर महिन्याला नाही तरी दर बिलाला दिसणारा. त्यावरून वर्षानुवर्षं भांडणं. जुलै २०२२ मध्ये तो आकार काढून टाकला, पैसा सरकारी निधीतून द्यायला लागले. पैसा तोच, फक्त बिलावरून गेला. नंतर भांडण कोर्टात गेलं ते त्या निधीत कोविडच्या कर्जातले ६००० कोटी युरो वळवले म्हणून, २०२३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ते रद्द केलं आणि पुढच्या वर्षी बजेटवरून सत्ताधारी आघाडीच फुटली. पण बिल बघून चिडणं हे वेगळं आणि निधीचा हिशोब वाचून चिडणं वेगळं, दुसरं फार थोड्यांना जमतं.

अमेरिकेत पवनऊर्जेची करसवलत १९९२ मध्ये सुरू झाली, आयोवाचे रिपब्लिकन सिनेटर ग्रासली तिचे बाप म्हणवतात, आणि काँग्रेसने ती तीन-चारदा मुदत संपून लटकू दिली, प्रत्येक वेळी पुढच्या वर्षी नवीन पवनचक्क्या ७०-९० टक्क्यांनी कमी लागल्या. मग सवलत परत, मग परत धावपळ. सोलर-विंडच्या सवलती वाढवणारा २०२२ चा मोठा कायदा एकाही रिपब्लिकन मताशिवाय पास झाला, २०२४ मध्ये १८ रिपब्लिकन खासदारांनीच स्पीकरला पत्र लिहिलं की सगळ्या सवलती काढू नका, कारण कारखाने त्यांच्याच मतदारसंघात आले होते, आणि जुलै २०२५ मध्ये सोलर-विंडच्या बऱ्याचशा सवलतींना कात्री लागलीच. असल्या चालू-बंदवर कोण वीस वर्षांचा प्रकल्प उभा करणार?

शेवटी मी मित्राला जे पाठवलं ते सांगतो. तेल विहीर खणायचा बराचसा खर्च, मजुरी, इंधन, जागेची तयारी, हे त्याच वर्षी करातून वजा करता येतं, ही सोय १९१३ पासूनची आहे. शंभर वर्षं उलटून गेली. १९२६ पासून आणखी एक, विहिरीच्या उत्पन्नाचा ठराविक टक्का वजा करायचा, घातलेलं भांडवल वसूल झाल्यानंतरसुद्धा, आता ती मुख्यतः छोट्या उत्पादकांना आहे. शेल गॅसलाही (खडकात अडकलेला नैसर्गिक वायू) १९७० च्या दशकात सरकारी संशोधनाचे पैसे आणि १९८० पासून करसवलत मिळाली होती. यातल्या कशाचंही कोणी उद्घाटन केलं नाही, हेल्मेट घालून कोणी फोटो काढला नाही.

दहा मिनिटं निळ्या टिका. मग त्याचं उत्तर आलं, "अरे ती सबसिडी नाही, ती वजावट आहे."